अण्णांच्या लाइनीवरून

मिरज जंक्शनात एकेकाळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकाच वेळी होते. 1971 साली पुण्याकडची लाइन ब्रॉडगेज झाली, लोंढ्याकडची तेव्हा मीटरगेजच होती आणि पूर्वेकडे पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी अडीच फुटांची नॅरोगेज जात होती. या सगळ्यात अरुंद लाइनीवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गार्ड म्हणून नोकरीची बहुतेक वर्षं काढली. घरात आम्ही तिला ‘छोटी गाडी’ म्हणायचो. अण्णा मात्र शेवटपर्यंत ‘बार्शी लाइट’च म्हणत. खरं तर ती कंपनी 1954 सालीच सरकारकडे आली होती आणि अण्णा नोकरीला लागले ते त्यानंतर. पण ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले ती माणसं कंपनीच्या वेळची, त्यामुळे तेच नाव तोंडात बसलं.

अण्णांचं वर्षश्राद्ध बार्शीच्या घरी होतं. पुण्याहून बार्शी गाठायची तर आदल्या दिवशी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. पण आम्ही मायलेकी वाट वाकडी करून आधी मिरजेला आलो. कल्पना लेकीची. आजोबांकडून तिने या लाइनीबद्दल इतकं ऐकलं होतं की स्टेशनांची नावं तिला क्रमाने पाठ होती, पण मिरज ते कुर्डुवाडी हा पट्टा तिने कधी पाहिलाच नव्हता. ‘‘आई, आजोबा जायचे तसंच जाऊ. आणि शेवटच्या डब्यात बसू,’’ ती म्हणाली. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

या वाटेवर नॅरोगेज आता कुठेच उरलेली नाही. सगळी लाइन टप्प्याटप्प्याने रुंद झाली. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर झालं, 2007 मध्ये लातूर ते धाराशिव, 2008 मध्ये तिथून कुर्डुवाडी आणि सगळ्यात शेवटी पंढरपूर-मिरज. आज मिरजेहून सुटणारी गाडी चारचौघींसारखी मोठी गाडी आहे. तरी गावं तीच, माळ तोच आणि स्टेशनांवरच्या पिवळ्या पाट्यांवरची नावंही बहुतेक तीच.

मिरजेला अण्णा ‘दवाखान्याचं गाव’ म्हणत. डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली इथे सुरू केलेल्या रुग्णालयामुळे या गावाचं नाव लांबवर पोहोचलं आणि पुढे एकामागून एक दवाखाने उभे राहिले. सांगोला, जत, मंगळवेढा भागातल्या माणसाला मोठं दुखणं आलं की त्याला मिरजेला न्यायचं, ही रीतच होती. न्यायचं तर छोट्या गाडीने. त्यामुळे अण्णांच्या गाडीत जाताना आजारी माणसं असायची आणि येताना बरी झालेली. कधीकधी न बरी झालेलीही. अण्णांना आपल्या गाडीतला आजारी माणूस कोणत्या डब्यात बसलाय हे माहीत असायचं. मोठ्या स्टेशनात गाडी थांबली की ते आधी तिथे जाऊन खिडकीतून विचारून यायचे. मिरजेच्या अलीकडच्या स्टेशनातून निरोप गेला तर टांगा दारात उभा राहायचा. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्याबद्दल ते घरी कधी बोललेही नाहीत. मला कळलं ते फार नंतर, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका फायरमनकाकांकडून.

उलट दिशेने औषधं जायची. वाटेवरच्या खेड्यातला कुणीतरी चिठ्ठी आणि पैसे अण्णांच्या हातात द्यायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाटली त्याच स्टेशनात त्याच्या हातात पडायची. आमच्या कुर्डुवाडीच्या क्वार्टरमध्ये खिडकीच्या फळीवर अशा बाटल्या ओळीने असायच्या. प्रत्येकीला दोरा आणि दोऱ्याला कागदाचा तुकडा, त्यावर स्टेशनाचं नाव. आम्ही भावंडांनी त्या फळीला हात लावायचा नाही, असा घरातला कडक नियम होता. अण्णांनी आमच्यावर आवाज चढवल्याचं मला आठवतं ते याच एका कारणावरून.

गाडी सुटली तेव्हा ऊन कोवळं होतं. आरग, सलगरे, मग कवठेमहांकाळ. या भागात आता म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी खेळतं. रुळाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत आणि बेदाणे वाळवायच्या शेड. अण्णांच्या वेळी यातलं काही नव्हतं. कुसळं, बाभळी आणि पावसाची वाट बघणारी रानं एवढंच ते सांगायचे. ढालगाव, जत रोड मागे पडलं, मग डोंगरगाव. लेक प्रत्येक पाटी यायच्या आधीच नाव सांगत होती. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या.

‘‘तू हितलीच हायस व्हय गं?’’

‘‘नाही आज्जी, पुण्याची. माझे आजोबा या गाडीवर गार्ड होते.’’

‘‘ह्या गाडीवर?’’

‘‘छोट्या गाडीवर.’’

मग बाई सरसावून बसल्या. पहिल्या बाळंतपणाला त्या याच गाडीने माहेरी, जवळ्याला आलेल्या. दिवस भरत आलेले, उतरायला वेळ लागला, सासूबाई तर खाली उभ्या राहून ओरडायलाच लागल्या. ‘‘गार्डानं निशाण धरून ठेवलं बघा. आमी फाटकातनं भाईर गेलो तवा शिट्टी झाली. मी वळून बगितलं, त्यो अजून उभाच हुता.’’ ते अण्णा होते की दुसरं कुणी, कसं कळणार? त्या लाइनीवर गार्ड पुष्कळ होते आणि त्यातले बरेच जण असेच वागत असतील. तो विषय मी वाढवला नाही. बाईंनी उतरताना लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि पिशवीतलं एक डाळिंब तिच्या हातात ठेवलं. सांगोल्याकडचं डाळिंब. या कोरड्या मुलखाने गेल्या काही दशकांत मिळवलेली ही मोठी गोष्ट आहे.

गार्डाचं काम म्हणजे नेमकं काय, हे आता सांगावं लागतं. 2022 सालापासून तर हुद्द्याचं नावही ‘ट्रेन मॅनेजर’ झालं आहे. ती बातमी अण्णांनी पेपरात वाचली आणि पेपर घडी करून ठेवत एवढंच म्हणाले, ‘‘असू दे. बसायचं शेवटीच ना?’’

गार्ड गाडीच्या शेवटी बसतो. गाडी सुटायला त्याची खूण लागते, वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाची वेळ तो लिहून ठेवतो. गाडी मध्येच अडली तर दिवा आणि फटाके घेऊन मागे चालत जाणं हेही त्याचंच काम. हे फटाके म्हणजे रुळावर अडकवायच्या चपट्या डब्या. मागून एखादं इंजिन आलंच तर चाकाखाली त्या फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. अण्णांची लोखंडी पेटी माझ्या डोळ्यांपुढे आजही जशीच्या तशी आहे. वर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि हुद्दा. आत दोन झेंड्या गुंडाळलेल्या, फटाक्यांचा डबा, शिट्टी, नियमांचं पुस्तक, वहीच्या मधे घालून ठेवलेला कार्बन आणि एका कोपऱ्यात कापडात बांधलेली भाकरी, शेंगाचटणी. ड्युटीवरून आल्यावर जेवायच्या आधी ते हातदिव्याची काच पुसायला बसत. आधी राखेने, मग ओल्या फडक्याने, मग जुन्या धोतराच्या कोरड्या तुकड्याने. लाल आणि हिरवी काच जागच्या जागी सरकते ना, हे फिरवून बघत. मग दिवा नाकाच्या उंचीला धरून त्यातून पलीकडे बघत. पलीकडे आम्ही कुणीतरी उभं असायचो, कधी लाल दिसायचो, कधी हिरवे. ‘हिरवी’ दिसले की मी पळायचं आणि लाल झाले की जागच्या जागी थांबायचं, हा आमचा खेळ होता. पुढे बॅटरीवर तोच खेळ ते नातीबरोबर खेळले. बॅटरीच्या काचेवर जिलेटिनचा कागद लावून.

आणखी एक नियम आहे, तो मला त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकून पाठ झाला आहे. गाडी स्टेशनात आली, असं स्टेशनमास्तरने केव्हा म्हणायचं? इंजिन आलं तेव्हा नाही. शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ती पाटी किंवा तो दिवा डोळ्यांनी दिसला तरच गाडी पुरी आली. नाहीतर वाटेत कुठेतरी डबे तुटून मागे राहिलेले असू शकतात आणि मागच्या गाडीला रस्ता दिला तर घात होईल. ‘‘शेवटचा आला म्हणजे गाडी आली,’’ अण्णा म्हणायचे. रेल्वेबाहेरही ते याच नियमाने वागले. आम्ही तिघं भावंडं, आई, आत्या, कधी मुक्कामाला आलेली गावाकडची मुलं. शेवटचं माणूस घरी येऊन हातपाय धुवून पाटावर बसेपर्यंत अण्णा जेवायला बसायचे नाहीत. मी कॉलेजात असताना सोलापूरहून परतायला रात्र व्हायची तेव्हा मला या गोष्टीचं ओझं वाटायचं. आता लेक मोठी झाली, तर रात्री दाराशी तिच्या चपलांचा आवाज ऐकेपर्यंत मीही ताट वाढून घेत नाही.

पंढरपूर आलं. या लाइनीवरचं सगळ्यात मोठं स्टेशन हे नव्हे, पण सगळ्यात जास्त माणसं इथेच उतरली. 1906 साली गाडी पंढरपूरला आली आणि पायी चालवत नसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वारीची वाट मोकळी झाली. आषाढीला जादा गाड्या सुटत. अण्णांची त्या आठवड्यात झोप अशी व्हायचीच नाही. टपावर, पायदानावर, दोन डब्यांच्या मध्ये, मिळेल तिथे माणूस. गाडीचा वेग बेताचाच असल्याने लोकांना भीती वाटायची नाही. अण्णांना मात्र वाटायची. गाडी सोडण्याआधी ते सबंध गाडीला खालून फेरी मारून टपावरच्यांना उतरवत, हात जोडून, ‘माउली, खाली या’ म्हणत. खाली आलेले काही डब्यात घुसत, काही पुन्हा वर चढत आणि अण्णा पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू करत. गाडीला उशीर व्हायचा तो यामुळे, आणि उशिराचं कारण वरिष्ठांना लेखी द्यावं लागायचं. अण्णांनी ते दिलं, पण फेरी सोडली नाही.

एवढी वर्षं पंढरपूरला येऊन आषाढी एकादशीला विठ्ठलाचं दर्शन त्यांना नोकरीत असेपर्यंत घडलं नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. यात्रा पांगली की एखाद्या साध्या दिवशी, दोन ड्युट्यांच्या मध्ये, ते नामदेवाच्या पायरीपर्यंत जाऊन कळसाला हात जोडून परत यायचे. आत जायला वेळ असला तरी बहुतेकदा पायरीवरूनच. आम्ही मायलेकींनीही तेच केलं. पुढच्या गाडीला अवकाश होता. महाद्वारापाशी गर्दी बेताची होती. चुरमुऱ्यांची, बुक्क्याची दुकानं नुकती मांडली जात होती. लेक नामदेव पायरीपाशी टेकली, डोकं ठेवलं आणि म्हणाली, ‘‘आजोबांनी सांगितलं होतं, इथे चौदा जण आहेत.’’ संत नामदेवांच्या घरच्या चौदा जणांची समाधी या पायरीपाशी आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. सबंध कुटुंब एका पायरीखाली, येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. अण्णांना ही गोष्ट फार आवडायची.

भीमेचा पूल ओलांडला की उसाचा मुलूख लागतो. उजनीचं पाणी आल्यापासून हा भाग ओळखू येत नाही. आष्टी, मोडनिंब आणि मग कुर्डुवाडी.

कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. त्या नावातच या सगळ्या लाइनीचा जन्म आहे. मुंबईहून सोलापूर-रायचूरकडे जाणारी मोठी लाइन बार्शीला न शिवता इथून गेली. बार्शी म्हणजे धान्याची, गळिताची मोठी पेठ, बालाघाटच्या वरच्या अंगाचा माल उतरायची जागा. ती रुळापासून वीस-बावीस मैल लांब राहिली. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता पुढे आला. कमी रुंदीचे, हलके रूळ टाकायचे आणि इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं गणित. भार सारखा वाटला की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. 1897 साली बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली आणि गणित खरं ठरलं. पुढे जगात ठिकठिकाणच्या छोट्या लाइनींनी या बार्शीच्या लाइनीकडे बघून धडे घेतले. लातूरपर्यंत रूळ पोहोचले 1911 साली, मिरजेपर्यंत 1927 साली. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

हे सगळं अण्णांनी नातीला गोष्टीसारखं सांगितलेलं. त्यात तिला सर्वांत आवडायचा तो शेवट: हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारायची छत्री बनवण्यात गुंतला आणि तिला त्याने ‘गार्डियन एंजल’ नाव दिलं. ‘‘म्हणजे तोपण गार्डच,’’ असं ती सहा वर्षांची असताना म्हणाली होती आणि अण्णा ते येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगायचे.

मला आठवते ती कुर्डुवाडी हमालांची. इथे छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत आणि मोठीतला छोटीत चढायचा, सगळा पाठीवरून. पोत्यांच्या धुळीत दिवसभर माणसं धावायची. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी इथे उतरून आमच्या लाइनीवर चढायची. तेव्हा वाटेतल्या छोट्या स्टेशनांवर लोक मालगाडीची वाट बघत बसून असत, असं अण्णा सांगत. त्या वर्षी त्यांनी डब्यातली भाकरी घरी परत आणली असं एकदाही झालं नाही, आणि ती त्यांनी स्वतः खाल्ली असंही क्वचितच झालं. हे आई सांगते. अण्णा त्या वर्षाबद्दल फार बोलत नसत.

बार्शीच्या गाडीत बसलो तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. ज्वारी हुरड्यात आली होती. शेंद्रीच्या अलीकडे एका शेतात पाच-सात माणसं आगटीभोवती बसलेली दिसली आणि खिडकीतून भाजल्या कणसांचा वास आत आला. बार्शीला दादा घ्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी श्राद्ध यथासांग झालं. आईने अण्णांच्या आवडीची हुलग्याची उसळ केली होती, भटजींनी श्राद्धाला चालत नाही म्हटलं तरी. संध्याकाळी आम्ही भगवंताच्या देवळात जाऊन आलो आणि तिथून लेक मला ओढून स्टेशनावर घेऊन गेली. तिला मला एक जागा दाखवायची होती.

ती जागा मला माहीत होती, पण त्या रात्री मी तिथे नव्हते. 2016 च्या एप्रिलमधली गोष्ट. लातूर शहर कोरडं पडलं होतं. पाण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मग असं ठरलं की मिरजेहून रेल्वेने कृष्णेचं पाणी लातूरला न्यायचं. वाट कोणती? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. अण्णांची. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. 11 एप्रिलला ती मिरजेहून सुटली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. लेकीची तिसरीची परीक्षा संपली होती आणि ती आजोळी होती.

अण्णा तेव्हा ऐंशीला टेकले होते. संध्याकाळपासून ते अस्वस्थ होते, असं आई सांगते. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी सदरा बदलला, बॅटरी घेतली आणि नातीला विचारलं, ‘‘येतीस?’’ दादा म्हणाला, अण्णा, गाडी केव्हा येईल कुणाला माहीत, सकाळी टीव्हीवर दाखवतीलच की. अण्णा म्हणाले, ‘‘टीव्हीवर इंजिन दाखवतील.’’

प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला, दिव्याच्या खांबाजवळ, ती दोघं बसून राहिली. लेकीला झोप लागली, जाग आली, पुन्हा लागली. आणखीही काही लोक आले होते, मोबाइल सरसावून. गाडी आली तेव्हा सगळे इंजिनाच्या दिशेने धावले. अण्णा उलटे, पाठीमागे चालत गेले, नातीचा हात धरून, प्लॅटफॉर्मच्या शेवटापर्यंत. एकेक वाघीण पुढून जाताना ते मोजत होते. मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. दहा झाल्या. मग गार्डाचा डबा आला. दारात एक तरुण गार्ड उभा होता. अण्णांनी बॅटरी लावून हात वर केला आणि सावकाश हलवला, जसा ते आयुष्यभर दिवा हलवत आले होते तसा. त्या मुलाला काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्याने आपला हिरवा दिवा वर धरला आणि गाडी लांब जाईपर्यंत तो दाखवत राहिला.

‘‘पुरी आली,’’ अण्णा म्हणाले.

लेकीने मला नेमकी ती जागा दाखवली. खांब तोच आहे. ‘‘इथे आजोबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखला. मी काही बोलले नाही.’’ नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या, एकेका खेपेला पंचवीस लाख लिटर. अण्णा तेव्हा स्टेशनावर गेले नाहीत, पण रोज पेपरात खेपांचा आकडा बघत. घरातही त्या उन्हाळ्यात त्यांनी अंघोळ एका तांब्या-बादलीवर आणली. लातूरला पाणी आपल्या लाइनीवरून जातंय आणि आपण इथे सांडायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरपर्यंत गेलो. बार्शीच्या पुढे येडशी लागते. बालाघाटच्या डोंगरात रामलिंगाचं देऊळ, दाट झाडी, पावसाळ्यात धबधबा. जुनी नॅरोगेज धाराशिव शहराला न शिवता येडशीवरून परस्पर पुढे जायची. मोठी लाइन टाकताना ती वळसा घेऊन धाराशिवला नेली. त्यामुळे जुन्या मार्गाचा भराव काही ठिकाणी बाजूला एकटाच दिसतो, त्यावर आता घाणेरी वाढली आहे. इथल्या घाटात एका पावसाळी रात्री अण्णांची गाडी अडली होती. इंजिनाला चढ ओढवेना. नियमाप्रमाणे अण्णा दिवा आणि फटाके घेऊन मागे चालत गेले, एकटे. रुळाच्या दोन्ही अंगांना डोळे चमकत होते. लांडगे असावेत. ‘‘मग तुम्ही काय केलंत?’’ नात दर वेळी विचारायची. ‘‘काय करणार? दिवा मागच्या बाजूला धरून उभा राहिलो. गाडीत माणसं झोपली होती ना.’’ गोष्टीत पुढे काहीच व्हायचं नाही. लांडगे निघून जायचे, इंजिन वाफ धरायचं, शिट्टी व्हायची, अण्णा धावत येऊन डब्यात चढायचे. तरी ही गोष्ट तिने मागितली नाही अशी सुट्टी गेली नाही.

घाट आला तेव्हा ती दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे उभी राहिले, तिचा दंड धरून. ती काही बोलली नाही, मीही नाही. ढोकी, मुरूड, हरंगुळ करत लातूरला उतरलो तेव्हा ती शेवटच्या डब्याच्या पाठीमागे गेली, पाटी बघून आली आणि मग आम्ही बाहेर पडलो.

छोट्या गाडीवर काम केलेली माणसं आता थोडी उरली आहेत. कुर्डुवाडीत, बार्शीत, मिरजेत, पंढरपुरात कुणाच्या घरी असा कुणी फायरमन, पॉइंट्समन, गँगमन किंवा गार्ड असेल, आणि त्यांचे पाय अजून चालत असतील, तर त्यांना एकदा या लाइनीवरून घेऊन जा. सोबत घरातलं सगळ्यात लहान मूल न्या आणि त्या दोघांना शेजारी बसवा. गाडी दिवसाची बघा. रात्रीच्या गाडीत येडशीचा घाट दिसत नाही.